हिरामणीचं वर नेणारं मशीन

माझं अल्टरेशनचं दुकान आहे. पँटची उंची कमी करायची, ब्लाउज उसवून सैल करायचा, चेन बदलायची, साडीला फॉल-पिको. दिवसभर लोकांच्या कपड्यांचे तुकडे कापून पायाशी पडतात आणि संध्याकाळी झाडू मारला की पोतं भरतं. कोणती कतरण कोणाची, ते मग सांगता येत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. एकाच इमारतीत वर्षानुवर्षं बसलं की ते आपोआप साचत जातात, मुद्दाम कोणी गोळा करत नाही. फरक इतकाच, की कतरणीचं पोतं सकाळी घंटागाडीत टाकता येतं. हे दुसरं पोतं टाकायची माझी सध्या अजिबात तयारी नाही. कारण आमची अख्खी इमारतच कोणीतरी घंटागाडीत टाकायला निघालंय!

इमारत म्हणजे हिरामणी शॉपिंग सेंटर. शालिमारजवळ, मेन रोडच्या पोटात. आता नाशिकमध्ये मॉल म्हटलं की लोक कॉलेज रोडकडे नाहीतर हायवेकडे बघतात. पण मॉल हा शब्द इथे कोणाला माहीत नव्हता तेव्हा हिरामणी होतं. मधे मोठा चौक, वर काचेचं छत, चौकात कारंजं, भोवती तीन मजले दुकानं, आणि मधोमध सरकता जिना! आज कारंज्यात कबुतरं झोपतात, काचेच्या छतावर ताडपत्री आहे, आणि सरकता जिना मी इथे आल्यापासून एक इंचही सरकलेला नाही.

त्या जिन्याभोवती आम्ही. समोर भामरेशेठ, लग्नाच्या बस्त्याचं मोठं दुकान. त्यांच्या एका बाजूला सलीमचाचा, घड्याळं दुरुस्त करतात. दुसऱ्या बाजूला गांगुर्डेकाका, झेरॉक्स आणि स्टेशनरी. कोपऱ्यात मी, गणेश, पण सगळे गण्याच म्हणतात. नववीत शाळा सोडून या मशीनवर बसलो तो बसलोच. आणि जिन्याच्या पोटाखाली, जिथे एका बाजूला उभं राहिलं तर डोकं आपटतं, तिथे नंदामावशीचा चहा.

आम्हा सगळ्यांना गाळे आहेत. मावशीला फक्त जागा आहे. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे त्याच्यावरूनच डोकं फिरणार आहे.

* * *

जिना सुरू झाला तेव्हाचा किस्सा मी मावशीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय, की मी तेव्हा जन्मलोही नव्हतो हेच विसरतो. मावशीचे यजमान रामभाऊ हे त्या जिन्याचे ऑपरेटर. किल्लीने चालू करायचा, किल्लीने बंद करायचा, आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरून त्याला पहिल्या पायरीवर उभं करायचं. ही नोकरी!

उद्घाटनाला गुरुजींनी पहिल्या पायरीवर हळदीकुंकू वाहिलं, हार ठेवला, नारळ फोडला. झालं! दुसऱ्या दिवशी लासलगावकडची मंडळी बस्त्याला आली. सोबतच्या आजोबांनी पायरीवरचं कुंकू बघितलं. वाकून नमस्कार केला आणि चपला काढल्या. त्यांचं बघून घरच्यांनी काढल्या. घरच्यांचं बघून मागच्या अनोळखी लोकांनी काढल्या. दुपारपर्यंत जिन्यापाशी चपलांचा ढीग, आणि पहिल्या मजल्यावर सगळं गिऱ्हाईक अनवाणी!

आणि मग लोकांना कळलं, की जिना फक्त वर जातो.

आजोबा वरच्या कठड्याशी उभे. खाली स्वतःच्या चपला दिसतायत. त्यांनी रामभाऊंना हाक मारली, "ओ साहेब, आता खाली कोण नेणार?"

रामभाऊ खालून ओरडले, "बाबा, कमिटीनं वर नेणारं मशीन घेतलंय. खाली यायचं ज्याचं त्यानं!"

मावशी हे सांगताना अजून हसते. मीही हसायचो. हल्ली येत नाही हसू.

* * *

पुढे वीज फार जळायला लागली, तेव्हा दुकानदारांच्या कमिटीने ठरवलं, की खरं गिऱ्हाईक दिसेल तेव्हाच जिना चालू करायचा. आता खरं गिऱ्हाईक ओळखायचं कसं? ते रामभाऊंवर सोडलं. रामभाऊंची पद्धत सोपी होती. जो गुडघ्यावर हात ठेवून वर बघतो, त्याच्यासाठी चालू. जो जिन्यासमोर उभा राहून चुटक्या वाजवतो, त्याच्यासाठी बंद.

एकदा एका नगरसेवकाचा मेव्हणा चार पोरं बरोबर घेऊन आला. जिना चालूच होता, काठीवाली एक म्हातारी वर चालली होती. ती वर पोचली, आणि रामभाऊंनी किल्ली फिरवली. मेव्हणा पायरीवर पाय ठेवून तसाच उभा.

"मला ओळखलं नाही वाटतं?"

"ओळखलं ना. म्हणून तर बंद केला!"

रामभाऊंची नोकरी त्या दिवशी जायची ती कशीबशी राहिली. नंतर जिनाच गेला. आतला कुठलातरी भाग तुटला, आणि तो भाग बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. तरी रामभाऊ रोज यायचे, किल्ली खिशात घालून बसायचे आणि बंद जिन्याचा रबरी कठडा पुसायचे. ते गेले तेव्हा कमिटीच्या लोकांनी मावशीला चौकात बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "जिना रामभाऊंचा होता. त्याच्याखाली तुम्ही चहा टाका. हिरामणी उभं आहे तोवर ही जागा तुमची."

कागद? कागद कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. तेव्हा शब्द पुरायचा.

'उभं आहे तोवर' या तीन शब्दांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. बिल्डरचं गेलं!

* * *

भामरेशेठ मूळचे देवळ्याकडचे. खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन नाशकात आले, हे ते प्रत्येक नवरीच्या बापाला सांगतात. राग आला की त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी बाहेर पडते, आणि राग त्यांना बहुतेक वेळ आलेलाच असतो. जिना त्यांच्या समोर, जिन्याखाली मावशी, तरी मावशीचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. कारण काय, तर "तुन्हा चहानी वाफ लागीसन पैठणीनी जरी कायी पडस!" मावशीच्या चहाच्या वाफेने म्हणे यांच्या पैठणीची जरी काळी पडते! यांचा चहा बाहेरच्या टपरीवरून किटलीत यायचा, मावशीच्या नाकासमोरून.

एका लग्नसराईत सायखेड्याची मोठी मंडळी बस्त्याला आली. नवरीच्या आत्याच इतक्या, की गादीवर जागा पुरेना. बस्ता म्हणजे आधी चहा, मग मानाच्या साड्या, मग रुसवे, मग परत चहा. आणि नेमकी बाहेर अतिक्रमणची गाडी आलेली, टपरीवाला टपरी उचलून पसार! शेठ घामाघूम. शेवटी चौकात आले आणि मावशीकडे न बघता, जिन्याकडे बघून म्हणाले, "चहा पाहिजे."

मावशी म्हणाली, "वाफ येईल ना, शेठ."

शेठनी बोटांवर कप मोजून दाखवले.

थोड्या वेळाने मावशी ट्रे घेऊन निघाली. एकेका कपावर एकेक बशी उपडी झाकलेली! गादीवर ट्रे ठेवला आणि म्हणाली, "वाफ कोंडून आणलीय. आधी पैठण्या कपाटात घाला, मंग बशा उचला."

आत्या इतक्या हसल्या, की रुसायचं विसरल्या. बस्ता लवकर उरकला! शेठनी आभार मानले असं वाटत असेल तर तुम्हाला शेठ कळलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी किटली परत बाहेरून.

* * *

हिरामणीची शटरं जुन्या जाड पत्र्याची आहेत आणि त्यांच्या स्प्रिंगा मेल्यात. एकट्याच्याने एकही उठत नाही. म्हणून आमच्याकडे फार पूर्वीपासूनचा रिवाज आहे. आपलं शटर आपण एकट्याने उचलायचं नाही. शेजारचा येतो, समोरचा येतो, "हां, घे!" म्हणायचं आणि वर. भांडण असलं तरी! शेठ आणि गांगुर्डेकाका एकदा दिवाळीच्या माळांवरून महिनाभर बोलत नव्हते. पण सकाळी शेठचं शटर काका उचलायचे आणि काकांचं शेठ, दोघंही तोंड फिरवून! शेठचं शटर सगळ्यांत मोठं. त्याला तीन माणसं लागतात.

वरच्या मजल्यावरच्या मोबाईलवाल्याने बटणाचं शटर बसवलं. "आपल्याला कोणाच्या पाया पडायचं नाही," म्हणाला. पावसाळ्यात लाइट गेली तेव्हा त्याचं शटर गुडघ्याइतकं वर येऊन अडकलं आणि तो आत. पोटावर झोपून बाहेर बघतोय. चाचा वर गेले, खाली वाकले आणि म्हणाले, "बेटा, अब बटन को बोल. हां, घे!"

मावशीला मात्र शटर नाही. जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा आहे. तो खाली फाटायला लागला तेव्हा मीच त्याला लाल फॉल लावून दिला. आमची सगळ्यांची शटरं वर गेली की चाचा रोज त्या पडद्यापाशी जातात. बाह्या सरसावतात, पडदा दोन बोटांत धरतात आणि कण्हतात, "या अल्लाह! कित्ता वजन है नंदाबाई तुमारे शटर को!"

मावशी म्हणते, "कंबर सांभाळा, चाचा."

रोज हेच. आणि रोज आम्ही हसतो. मग चहा.

* * *

आता मी चिडून लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

बिल्डर आला. म्हणजे तो नाही, त्याची माणसं. हिरामणी पाडून तिथे नवं हिरामणी करणार. आम्हाला एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये बोलावलं. मावशीला बोलावलं नाही. टाय लावलेल्या एका पोराने पडद्यावर सिनेमा दाखवला. काचेचा डोंगर! आत झाडं, आत धबधबा, वर जाणारे आणि खाली येणारे सरकते जिने. चालणारी माणसं सगळी गोरी, उंच, हातात कागदी पिशव्या. एक लुगडं नाही, एक टोपी नाही, एक रडणारं पोर नाही. या लोकांना नाशिक पाहिजे, फक्त नाशिककर नको!

गांगुर्डेकाका उठले. काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात संविधानाची प्रत आहे, आणि ती विकायला नाही, वाचून वाचून तिची पानं सुटलीत. काका उठले की आम्हाला धीर येतो.

"ह्यात आम्ही कुठं आहोत?"

टायवाला म्हणाला, "सर, हे नुसतं ग्राफिक्स आहे. यातली माणसं डमी असतात."

"ते कळलं. दुकानदारपण डमीच धरलेत का?"

हशा झाला. टायवालाही हसला. शिकवून पाठवलेलं हसू असतं, तसं. मग म्हणाला, "हिरामणीचे जुने कागद अर्धवट आहेत, सर. म्हणून आम्ही सोपा नियम केलाय. मोजणीच्या दिवशी ज्या जागेला शटर असेल, तो गाळा. त्याला नव्या बिल्डिंगमध्ये गाळा मिळणार. शटर नसेल, ती मोकळी जागा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? सगळ्यांना शटर होतं!

माझ्या डोक्यात आधी प्रकाश पडला नाही. मग मावशीचा पडदा आठवला. मी उठलो. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण त्या दिवशी माईक हातात घेतला आणि बोललो. रामभाऊ, किल्ली, चौकात सगळ्यांसमोर दिलेला शब्द, जिन्याखालची मावशी, सगळं सगळं बोललो. बोलून झालं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

चाचा हळूच म्हणाले, "बेटा, माईक बंद था."

माईक चालू करायचं बटण मी शोधतोय, तेवढ्यात पुढच्या रांगेतून उठून भामरेशेठ गरजले, "बस रे खाले! नियम म्हणजे नियम शे!"

मी बसलो. शेठ मात्र उभेच. टायवाल्याला त्यांनी तो सिनेमा परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. जिन्यासमोरची, म्हणजे त्यांच्या दुकानाची, जागा आली की म्हणायचे, "थांबव." तिथे कुठल्याशा परदेशी बुटांचं दुकान चितारलेलं होतं. शेठ चष्मा पुसायचे, बघायचे, परत पुसायचे. आपल्याला केवढी जागा मिळणार ते डोळ्यांनी मापतोय हा म्हातारा, असं मला वाटलं. आयुष्यात इतका राग मला कोणाचा आला नव्हता. बिल्डर परका आहे. हा माणूस रोज आमच्या हातांनी शटर उचलून घेतो!

* * *

हॉलमधून निघताना प्रत्येकाला भेट मिळाली. भिंतीवरचं घड्याळ, त्यावर नव्या हिरामणीचं चित्र. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसालाही घड्याळ!

थोड्याच दिवसांत एकेक जण ते घड्याळ बगलेत मारून चाचांकडे यायला लागला. कोणाचा काटा अडकला, कोणाचं उलटंच फिरतंय. चाचांनी सगळी घड्याळं दुकानाबाहेर ओळीने टांगली. प्रत्येकात वेगळी वेळ. टायवाला एकदा चक्कर मारायला आला, तो बघून चमकला. "काय झालं, चाचा?"

"कुछ नहीं, साब. आपका नया हिरामणी बनने से पहलेच रिपेअर को आ गया!"

* * *

मावशीला नियमाचं कोणी सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही. पण चहावाल्या बाईला बातमी सांगावी लागत नाही, ती कपासोबत तिच्याकडे येते.

मी कप ठेवायला गेलो तेव्हा मावशी साखरेचा डबा पुसत होती. डब्याच्या वर खिळ्याला रामभाऊंची किल्ली टांगलेली असते. म्हणाली, "गण्या, तू बोलला म्हणे तिथं."

"माईक बंद होता, मावशी."

"असूं दे. तू काय बोलला असशील ते मला ठाव हाय." मग किल्लीकडे बघितलं. "वर नेणारं मशीन हाय बाळा ते. खाली राहिलेल्याचं त्याला काय! मला इतकंच सांग, जिना कापून नेतील का तसाच उचलून नेतील?"

मी कप ठेवला. दुकानात आलो आणि एका चांगल्या माणसाच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला.

* * *

मग त्यांनी आम्हाला पिळायला सुरुवात केली. चौकातले दिवे बंद. वॉचमन काढून टाकला. पाणी बंद. "बिल्डिंग धोकादायक आहे," म्हणे! आणि त्याच धोकादायक भिंतीवर यांनी दोन मजले उंच फ्लेक्स टांगला, 'नवे हिरामणी, लवकरच येत आहे!' आम्ही आत बसलो तर भिंत पडते. यांचा फ्लेक्स टांगला तर नाही पडत!

आमच्या सगळ्या पाट्या त्या फ्लेक्सच्या मागे गेल्या. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच परत जायला लागलं. शेठना देवळ्याहून पाहुण्यांचा फोन आला, "दुकान मोडलं म्हणतात, खरं का भाऊ?" शेठनी फोन असा आपटला, की तो नंतर वरच्या मोबाईलवाल्याकडे न्यावा लागला.

चाचांनी एक पुठ्ठा घेतला, माझ्याकडून खडू नेला, गांगुर्डेकाकांकडून जाड मार्कर आणला आणि मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, 'आम्ही आधीच आलोय!' ती फ्लेक्सच्या बरोबर खाली टांगली. लोक थांबून फोटो काढायला लागले, त्यातले काही आत आले. एका पोरीने विचारलं, "चाचा, सेल लागलाय का?"

"हां बेटी. हम ही लगे हैं सेल पे!"

पाणी बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे घरून येताना मावशीसाठी बाटल्या भरून आणायला लागलो. ज्याला जमेल तेवढं. मावशीचा चहा एक दिवस बंद पडला नाही. शेठनी कधी बाटली आणली नाही. तेच बरं, म्हटलं, यांच्या पाण्याला वाफ नसती आली!

* * *

मोजणीच्या आदल्या दिवशी माझ्या मावसभावाची हळद होती, सायखेड्याला. मी गेलो. त्यामुळे मधे हिरामणीत काय झालं ते मला ठाऊक नाही. आजही ठाऊक नाही. विचारलं तर चाचा घड्याळाच्या पोटात डोकं घालतात आणि काका झेरॉक्सचं मशीन सुरू करतात.

मोजणीच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा टायवाला आलेला होता. सोबत मापाचं यंत्र घेतलेला एक साधा माणूस, गळ्यात मफलर. ते चाचांचा गाळा मापत होते. मग माझा मापला. मग काकांचा. चौकात अंधार होता, दिवे यांनीच बंद केलेले, तेव्हा हे मोबाईलच्या उजेडात मापतायत! मला तेवढंच बरं वाटलं.

टायवाला जिन्याकडे न बघताच म्हणाला, "ही मोकळी जागा. पुढे चला."

गांगुर्डेकाका म्हणाले, "बघा तर जरा."

त्याने मोबाईल फिरवला. मीही तेव्हाच बघितलं.

जिन्याखाली शटर होतं!

जाड पत्र्याचं, जुनं, खालपर्यंत ओढलेलं. जागेपेक्षा मोठं. बारक्या पोराला बापाचा कोट घातल्यासारखं जिन्याच्या बाहेर आलेलं. बाजूच्या पट्ट्यांना नवं वेल्डिंग दिसत होतं. आणि त्यावर लाल-पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं, 'भामरे बस्ता भांडार. नवरी रुसणार नाही!'

शटरसमोर मावशी उभी, हातात पाण्याच्या बाटल्या. आत जाता येत नव्हतं तिला. एकटीला उचलत नव्हतं ना!

"हे काय आहे?" टायवाला ओरडला. "हे शटर यांचं नाही! यावर दुसऱ्याचं नाव आहे!"

काका शांतपणे म्हणाले, "तुमचा नियम सांगा. मोजणीच्या दिवशी ज्या जागेला शटर असेल, तो गाळा. नाव कोणाचं पाहिजे, ते म्हणाला होतात?"

"पण हे कालपरवा बसवलंय!"

"मोजणी कालपरवा नाही. आज आहे."

टायवाल्याने मफलरवाल्याकडे बघितलं. मफलरवाल्याने शटरकडे बघितलं, त्यावर बोटाने टकटक केलं. "शटर तर आहे, साहेब," म्हणाला आणि यंत्र लावलं.

चाचांनी बाह्या सरसावल्या. एका बाजूला काका, एका बाजूला मी, मधे चाचा. "हां, घे!" शटर किंचाळत वर गेलं. त्या दिवशी चाचा खरंच कण्हले.

मावशी म्हणाली, "कंबर सांभाळा, चाचा." आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

टायवाला लाल झाला होता. तसाच गर्रकन वळून समोर, भामरेशेठच्या दुकानाकडे गेला. तिथे शटर नव्हतं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रिकाम्या. वरच्या पाइपाला एक जुनं हिरवं लुगडं टांगलेलं, खाली मी लावलेला लाल फॉल. एवढ्या मोठ्या दाराला ते कसं पुरणार? अर्ध्यातच संपलं होतं. मागे गादीवर शेठ पैठणीची घडी घालत बसलेले.

"शेठ, तुमचं शटर कुठंय?"

"दिसत नही का? नही शे."

"मग तुमचा गाळा धरता येणार नाही! मीटिंगमध्ये तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"नियम म्हणजे नियम शे," शेठ म्हणाले. पैठणी त्यांनी कपाटात ठेवली नाही, तशीच गादीवर उघडी पसरली. मग तो हिरवा पडदा दोन बोटांनी बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं.

"गण्या, दोन चहा सांग. एक या पोराले. अन् नंदाबाईले म्हण, बशी झाकू नको!"